अर्धी गोळी

बाबांच्या खाटेजवळच्या स्टुलावर एक वही असायची. सकाळी ताई यायची, दुपारनंतर धाकटा भाऊ. ताईचं शिवणकामाचं दुकान, धाकटा बसवर ड्रायव्हर. दोघांच्या वेळा कधी जुळायच्या, कधी नाही. म्हणून कुणी काय दिलं, बाबांनी काय खाल्लं, ते वहीत लिहायचं ठरलेलं. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. झटका येऊन उजवी बाजू गेली आणि वाचाही, तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी होती, रोज सकाळी एक. कमी पडली तर पुन्हा झटका, जास्त झाली तर रक्त थांबणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं.

निवडणूक झाली, धाकट्याचा पक्ष आला. महिन्याभरात नव्या सरकारच्या हुकमानं ताईच्या प्रार्थनाघराला कुलूप लागलं.

"बरं झालं," बाबांना भरवता भरवता धाकटा म्हणाला. "सकाळी तासभर जास्त झोपशील."

"तुला गंमत वाटते?"

"अगं, घरी कर की प्रार्थना. देवाला तुझा पत्ता माहीत नाही का?"

तोंडाशी आलेलं ताईनं गिळलं. घरी जाऊन तिनं नेम धरला. कडू बोलायचं नाही, ऐकायचं नाही, वाचायचं नाही. नेमांची तिला सवय होती. पहाटेची प्रार्थना आणि आठवड्याचा उपास तिनं तापातसुद्धा मोडला नव्हता. हाही मोडायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती सख्ख्या भावाला अहो-जाहो करू लागली.

"बोला," ती फोनवर म्हणायची.

"ताई, मी आहे गं!"

"हो, बोला ना. आपण चारला येणार का? बरं. ठेवते."

त्याला शिवी चालली असती. लहानपणी तिनं त्याला लाटण्यानं बडवलं होतं, तेही चाललं असतं. हे 'आपण' त्याच्या घशाखाली उतरेना. त्यानं फोन करणंच सोडलं. मनातलं वहीत उतरू लागलं. 'अर्धी वाटी खिमट खाल्लं. लघवी दोनदा.' आणि खाली, 'तुमच्या प्रवचनकारांचं भाषण ऐकलं. त्यापेक्षा आमच्या बसचा हॉर्न बरा.'

ताईनं ते वाचलं, वही मिटली आणि स्टुलाच्या खालच्या फळीवर सरकवून दिली. पुन्हा उघडली नाही. आपलं ती दुकानातल्या मापाच्या चिठ्ठ्यांवर लिहायची आणि टाचणीनं पडद्याला टोचायची. भांडण टळलं, असं तिला मनापासून वाटत होतं. प्रार्थनेत ती भावासाठीही मागत होती.

पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं. अहवाल घ्यायला धाकटा गेला. रक्त फारच पातळ झालंय, उद्यापासून अर्धीच गोळी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यानं ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि वही होती तिथंच, खालच्या फळीवर ठेवली. जागा ताईनं ठरवली म्हणजे ती तिथंच बघत असणार, असं त्यानं धरलं.

पाच दिवस ताईनं अख्खी गोळी दिली. वाचा गेलेले बाबा चिमणीसारखं तोंड उघडायचे.

तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. ताईनं चिठ्ठी टोचली, 'हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांना विचारावे.' धाकट्यानं ती वाचली. म्हणूनच तर अर्धी केलीय, उतरेल हळूहळू, असं मनाशी म्हणत तो गप्प बसला.

सहाव्या सकाळी बाबा उठेनात.

इस्पितळाच्या बाकावर दोघं एक जागा सोडून बसली. डोक्यात रक्त साचलं होतं. शस्त्रक्रिया सोसण्याचं वय नव्हतं. डॉक्टरीणबाई छापील कागद घेऊन आल्या.

"गोळी किती देत होतात?"

"अर्धी," धाकटा म्हणाला.

"एक," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "ठरवा तुमचं. येते मी," म्हणून त्या आत गेल्या.

"मी लिहिलं होतं," धाकटा म्हणाला. "एवढं मोठं."

"मी वही उघडत नव्हते."

"का?"

"तू घाण लिहायचास. माझा नेम होता."

"नेम!" तो हसला, पण आवाज फाटला. "अगं, मग भांडायचंस की! वही तोंडावर फेकायचीस माझ्या!"

"आणि तू? फोन नव्हता हातात?"

"तू 'बोला' म्हणाली असतीस," तो म्हणाला. "एकदा नंबर लावला होता. वाजायच्या आत ठेवला."

ताईला रडू आलं नाही. एवढे दिवस ज्याला ती शांती म्हणत होती, ते भावाशी बोलणं तोडणंच होतं, हे तिला कळलं. त्यासाठी देवाकडे काय मागायचं ते तिला सुचेना.

डॉक्टरीणबाई परत आल्या. धाकट्यानं तोंड उघडायच्या आत ताई उठली.

"अख्खी गोळी. पाच दिवस. मी दिली. तसंच लिहा."

"आणि मी हिला फोन केला नाही," धाकटा म्हणाला. "तेही लिहा."

"त्याला यात रकाना नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आत जाऊन बसा त्यांच्याजवळ. फार वेळ नाही."

दोघं उठली. दाराशी धाकटा अडखळला.

"तू आत प्रार्थना म्हणणार?"

"म्हणणार."

"मोठ्यानं?"

"हो."

"मला नाही ऐकवणार ती, ताई. आजसुद्धा नाही."

"मग कानात बोटं घाल," ताई म्हणाली. "पण आत ये."