काजळी लावलेली नळी

ऐका, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर मी काहीतरी विसरेन. माझी आत्या कातारी आहे ना, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून पलंगाचे पाय, कठड्याचे खांब असलं काय काय करते आणि मी तिच्या हाताखाली असते. तर तिच्याकडे एक बँडमास्तर आले. त्यांचा बॅगपाइपवाल्यांचा बँड. त्यात नव्या पोरांना आधी पिशवी देतच नाहीत, नुसत्या लाकडी नळीवर बोटं बसवायला लावतात. तिला चँटर म्हणतात. बासरीसारखी दिसते, पण टोक तोंडात धरून सरळ फुंकायची, आत एक रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी असते आणि आवाज अगदी कानाशी डास आल्यासारखा.

मास्तर म्हणाले, "बाई, एक नमुना करा. शनिवारी येतो. जमला तर सगळ्या बँडच्या नळ्या तुमच्याकडून, नाहीतर प्लास्टिकच्या मागवतो."

आता यात गोम काय, तर आत्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, वर्षभर तिच्या मागे लागलाय की लेथ विक, इथे जिम काढू. आणि आत्या चिडून बोलून बसली, "नमुना नापास झाला तर विक." शब्द गेला तो गेला.

झालं, आत्या कामाला लागली. आपल्याला वाटतं, आधी लाकूड गोल करायचं आणि मग भोक पाडायचं. तसं नसतं. आधी लांब ड्रिलने आरपार भोक, आणि मग तेच भोक मध्य धरून बाहेरचं कातायचं. बरं, भोक बरोबर आहे की नाही ते बघायला तिच्याकडे एक पितळी सळई आहे. वरून सोडली की आपल्याच वजनाने सरसर खाली यायला हवी. अडकली तर भोक लहान, खुळखुळली तर मोठं. मंगळवारी सळई काय सुंदर उतरली, मी स्वतः पाहिली. नळीची बोटांची भोकंसुद्धा मीच पाडली. फक्त तेल पाजायचं राहिलं होतं, ते सगळ्यात शेवटी. आत्या जेवून जरा पडायला गेली.

उठून आली, सळई सोडली, तर अर्ध्यावर अडकली.

आत्याने आधी सळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. "कुणीतरी नळी बदललीये."

"आत्या, अगं कोण बदलणार?"

"ज्याला जिम काढायचीये तो. आणि तू गप बस, तूही काही कमी नाहीस."

मी काय केलं होतं सांगा. पण आत्याचा संशय म्हणजे देवळातल्या दिव्यासारखा, सगळ्यांवर सारखाच पडतो. तिने ड्रिल पुन्हा फिरवलं, सळई उतरली. शिवाय टाचणीने नळीच्या बुडाशी एक बारीक खूण केली, कुणाला न सांगता. मला सांगितली, कारण चष्मा नव्हता आणि खूण मलाच करायला लावली.

बुधवारी दुपारी पुन्हा तेच. सळई अर्ध्यावर. आणि खूण जागच्या जागी. म्हणजे नळी तीच, बदललेली नाही. आता तर मीही दाराकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "आत मेण घालतोय." पुन्हा ड्रिल. दादा चहा घ्यायला आला तर तिने त्याची नखं पाहिली.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही. हात दाखव. दुसरा."

"तुला जिम नको असेल तर नको म्हण ना, माझी नखं कशाला बघतेस?"

दादा गेला. मला वाटलं हाच असणार, कारण चहा तसाच टाकून गेला. मग वाटलं, आतोबा? पण आतोबा दुपारी फिरायला जातात. भुशाने त्यांच्या छातीची पार वाट लागलीये, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. मात्र शुक्रवारी माझ्या लक्षात आलं, त्यांच्या चपला दारातच होत्या. अनवाणी कोण फिरायला जातं? मी आत्याला बोलले नाही. एका घरात किती जणांवर संशय घ्यायचा, त्यालाही काही मर्यादा आहे.

शनिवार उजाडला. आत्याने सकाळीच तव्याखालची काजळी नळीच्या तोंडाला चोळली. लाकूड काळंच, काही दिसत नव्हतं. "जो हात लावेल त्याचा हात बोलेल," म्हणाली, आणि जेवून रोजच्यासारखी पडायला गेली. झोपली बिपली नाही हां, डोळे मिटून होती नुसती.

चार वाजता आतोबा पाणी प्यायला आले. हात स्वच्छ. ओठ काळेकुट्ट.

आत्या ओठांकडे बघतच राहिली. "अहो, तुम्ही?"

"काय मी?"

"आरशात बघा."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी छातीसाठी फुगे फुगवायला सांगितले होते. "या वयात फुगे फुगवू? गल्लीतली पोरं काय म्हणतील?" म्हणून रोज दुपारी नळी घेऊन वरच्या खोलीत जायचे आणि गादीत तोंड खुपसून कालच्यापेक्षा जरा जास्तच फुंकायचे.

आत्या मटकन स्टुलावर बसली. तिला लगेच कळलं. तेल न पाजलेलं लाकूड श्वासाची वाफ पितं, आतून फुगतं, म्हणून सळई अडकायची. ठेवून दिली असती तर वाळून आपोआप पूर्ववत झाली असती. आणि ही बया रोज फुगलेल्या लाकडात ड्रिल घालत होती. म्हणजे नळी वाळली की भोक मोठं, सूर गेला. मास्तर पाचला येणार होते.

"फुंका," आत्या म्हणाली.

"आत्ता?"

"ओली आहे तोवरच खरी आहे. थांबू नका."

तिने काजळी पुसली आणि आतोबा फुंकायला बसले. थोड्या वेळाने त्यांना दम लागला, तेव्हा आवाज ऐकून आलेल्या दादाने नळी काढून घेतली आणि स्वतः फुंकायला लागला. दादा. जिमवाला.

आत्या त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तू का फुंकतोयस?"

"फुंकलं तरी संशय, नाही फुंकलं तरी संशय. बाबांची छाती बघ आधी."

मास्तर आले, वाजवली, मान डोलावली. "सूर चोख आहे, बाई. ठरलं आपलं."

आणि आत्या, जिला बोलायची काही गरज नव्हती, ती बोलली. "थांबा. ही ओली आहे म्हणून खरी. उद्या वाळली की खोटी होईल."

दादाने कपाळाला हात लावला. मास्तरांनी नळी उलटीसुलटी पाहिली. "कोण वाजवत होतं?"

आतोबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"तुम्ही हीच ठेवा. बाई, मला वाळलेली खरी दाखवा. पुढचा शनिवार."

"म्हणजे पास की नापास?" दादाने विचारलं.

"पेपर पुन्हा आहे," आत्या म्हणाली.

मास्तर स्कूटरवरून गेले तेव्हा मी पाहिलं, त्यांचे ओठ काळे झाले होते. टोकाच्या आतल्या कडेला काजळी राहिली होती. सांगणार कोण?

काल तो शनिवार होता. नवी नळी आठवडाभर कुलपात, किल्ली आत्याच्या कमरेला. सळई सोडली, सरळ टेबलावर येऊन टण्णकन वाजली. मास्तरांनी नळी घेतली, खिशातून पांढरा रुमाल काढला, टोक नीट पुसलं, रुमालाकडे निरखून पाहिलं, मग आमच्या प्रत्येकाकडे. मगच फुंकली. लेथ राहिला.