कुलूपबाईंचा सूक्ष्मदर्शक

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, जी चांगली आहे म्हणून कुणी वापरत नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बश्याच घ्या. पाहुणे येतात, चहा पिऊन जातात, बश्या मात्र कपाटातच राहतात, कारण त्या बश्यांच्या तोलामोलाचा पाहुणा अजून जन्माला यायचाय! आमच्या गोष्टीतल्या शाळेत हा मान सूक्ष्मदर्शकाला मिळाला होता.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये असायची. मुलांनी त्यांचं नाव कुलूपबाई ठेवलं होतं. बाईंच्या ते कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानच वाटायचा. त्या नोकरीला नव्या होत्या तेव्हा मुलांच्या ढकलाढकलीत शाळेचा पहिला सूक्ष्मदर्शक टेबलावरून खाली पडला होता, आणि मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर बाईंना नको नको ते सुनावलं होतं. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. दुसरा सूक्ष्मदर्शक आला तो बाईंनी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, सोबत डांबराच्या गोळ्या टाकल्या, पिशवीचं तोंड सुतळीनं करकचून बांधलं आणि कपाट बंद केलं.

वर्गात त्या फळ्यावर त्याचं सुरेख चित्र काढायच्या. मुलं भागांची नावं घडाघडा पाठ म्हणायची आणि त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवायची. खरा दाखवा ना, असं कुणी म्हटलंच तर पुढच्या वेळी नक्की, हे उत्तर ठरलेलं होतं. अशी पुष्कळ मुलं शिकून, मोठी होऊन, बापही झाली, पण पुढची वेळ काही आली नाही.

आता बाईंची निवृत्ती जवळ आली होती. त्यांची एकच इच्छा होती. सूक्ष्मदर्शक जसा आला तसाच, कोरा करकरीत, नव्या शिक्षिकेच्या हाती सोपवायचा आणि ताठ मानेनं शाळेचा निरोप घ्यायचा. सगळं ठीक आहे ना हे बघायला त्यांनी एका शनिवारी दुपारी सुनेला शाळेत आणलं. सून दवाखान्यात रक्त तपासायची, तिचा दिवसभर डोळा त्या यंत्रालाच लागलेला असायचा.

सुनेनं पिशवी सोडली. कुबट वास आला. तिनं यंत्र खिडकीशी नेलं, एक स्वच्छ काच खाली ठेवली, डोळा लावला, एकेक भिंग फिरवून पाहिलं. मग बाजूला सरकली. बाईंनी वाकून पाहिलं तर समोर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. काच पुसून पाहिली, बदलून पाहिली, धागे जागचे हलेनात. मग सुनेला सांगावंच लागलं, की ही भिंगांवर चढलेली बुरशी आहे.

"अगं, पण कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही याला!"

"म्हणूनच, आई."

बंद पिशवीत ओल कोंडते, अंधारात बुरशीचं फावतं, आणि डांबराच्या गोळ्यांना ती काही भीक घालत नाही, असं सुनेनं समजावून सांगितलं. दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक याच्याहून म्हातारा होता. त्याच्यावर सकाळपासून कुणी ना कुणी बसलेलं असायचं. संध्याकाळी भिंगं खास कागदानं टिपायची, वर सुती कापड टाकायचं, संपलं. तो अजून लख्ख होता.

बाई चिडल्या. तुमच्याकडे जाणती माणसं आहेत, इथं द्यायचं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं बरंच बोलल्या. सुनेनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, जाणती माणसं जाणती कशी झाली? मलाही शाळेत सगळ्या भागांची नावं पाठ होती. नोकरीत यंत्र समोर आलं तेव्हा फिरवायचं काय हेच कळेना. काचा फोडल्या, बोलणी खाल्ली. पण साहेबांनी ते माझ्यापुढून उचललं नाही, म्हणून मी शिकले. याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही जपलंत. पण आई, याला कुणाची दृष्टीच लागली नाही."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. कुंपणानंच शेत खाल्लं होतं! ज्या हातांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्याच हातांनी घात केला होता. त्यांना रडू आवरेना.

सुनेनं सोबत आणलेल्या रबरी फुंकणीनं धूळ उडवली, भिंगं पुसायच्या औषधाच्या थेंबानं ती हलक्या हातानं पुसली. दोन भिंगं स्वच्छ झाली. सगळ्यांत मोठ्या भिंगाच्या मात्र आतपर्यंत बुरशी गेली होती. ते गेलं ते गेलंच. आणि इथं बाईंच्या मनात पाप आलं. पुन्हा पिशवीत घालावं, सुतळी बांधावी, तसंच सोपवावं. वरून नवंच दिसतंय. नवी शिक्षिका तरी कशाला उघडतेय? झाकली मूठ सव्वा लाखाची. सुतळी बराच वेळ त्यांच्या हातात होती. शेवटी त्यांनी ती पिशवीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकली.

सोमवारी सूक्ष्मदर्शक वर्गात आला. एक भिंग माझ्यामुळे गेलं, उरलेली तुमची आहेत, असं बाईंनी आधीच सांगून टाकलं. मग शिकवलं. उचलायचा तो एका हातानं मान धरून आणि दुसरा हात बुडाखाली घालून. सुरुवात छोट्या भिंगापासून. भिंग खाली आणताना बाजूनं बघायचं. डोळा लावल्यावर फक्त वर घ्यायचं. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि रांग लागली.

रांगेत एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायचीच नाही. तिनं मधलं भिंग लावलं, डोळा लावला आणि चाक उलटं फिरवलं. कट्ट! काच तडकली.

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंचा हात आपोआप पुढे झाला होता, सूक्ष्मदर्शक ओढून घ्यायला. मुलांनी तो पाहिला. बाईंनीही पाहिला. हात तिथंच थांबला.

बाईंनी वाकून भिंग तपासलं. ते शाबूत होतं.

"काच फुटलीय, काचा आणखी आहेत. तू उठू नकोस. तुकडे मी काढते. तू भिंग वर घे आणि पुन्हा लाव."

भिंगरीनं हळूहळू चाक फिरवलं. पुसट काही दिसलं, गेलं, पुन्हा आलं आणि स्थिरावलं. ती कधी नव्हे ती एका जागी बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, कांद्यात विटांची भिंत आहे." आणि मागची सगळी रांग तिच्या अंगावर कोसळली.

महिनाअखेरीस बाईंनी सूक्ष्मदर्शक नव्या शिक्षिकेकडे सोपवला. एक भिंग आंधळं, चाकावर बोटांचे ठसे, बुडावर एक ओरखडा. पण सोबत तो नीट उचलणारी, लावणारी आणि पुसून ठेवणारी सगळीच्या सगळी मुलं होती. बाई गेल्या त्या ताठ मानेनंच.

मंडळी, वस्तू वापरून झिजते, पण न वापरून वाया जाते. आपल्या शाळांत, वाचनालयांत, दवाखान्यांत अशी किती कपाटं आपण जपण्याच्या नावाखाली बंद करून बसलो आहोत! ती उघडूया. वापरायला शिकवूया, पुसून जागेवर ठेवायलाही शिकवूया. काही फुटलं तर खुशाल रागवा, पण शिकणाऱ्याच्या हातून ते काढून घेऊ नका.