मोजा, ताई

"एकदाच, वहिनी. फक्त एकदा." नणंदबाईंनी आमच्या गुंडीला मांडीवर उताणं पाडलं होतं आणि कापड पारखावं तशी तिच्या पोटावरून बोटं फिरवत होत्या. "पाच वर्षांची झाली ही. आत्ता नाही तर कधीच नाही. असली कूस वाया घालवू नकोस गं."

गुंडी आमची पॉमेरेनियन. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, आजोबा-पणजोबांसकट. मला माझ्या पणजीचं नाव माहीत नाही, पण हिच्या चार पिढ्या तोंडपाठ आहेत. डोळे काळ्या गुंड्यांसारखे, म्हणून घरात गुंडी.

"बघू," मी म्हणाले.

"बघू काय? एक पिल्लू राहील तुमच्याकडे. ही काय जन्माला पुरणार आहे?"

वर्मावर बोट ठेवलं बाईनं. मला गुंडीचं पिल्लू हवं होतं, खरंच हवं होतं. मागच्या खेपेची तिन्ही देऊन टाकली, कारण मी कामावर, हेही कामावर, आणि त्याचा पस्तावा तीन वर्षं झाली तरी जात नव्हता. पण हेच नणंदबाईंच्या तोंडून ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का, ते सांगते.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. सव्वीस वर्षं हेच काम. मागच्या वेळी गुंडी गाभण असताना प्राण्यांच्या दवाखान्यात तिच्या पोटाचा एक्स-रे फोटोही मीच काढला. तिथले म्हातारे डॉक्टर म्हणाले, "माझे डोळे गेले आता. तुम्हीच मोजा, तुमचं रोजचं काम." मी मोजलं. चार कवट्या, चार पाठीचे कणे. व्यायच्या दिवशी नेमकी माझी ड्युटी. नणंदबाईंचा हात त्यात बसलेला, नरही त्यांचाच, सरदार नावाचा, म्हणून गुंडीला त्यांच्याकडे ठेवलं. संध्याकाळी जाऊन बघते तर पेटीत तीन पिल्लं.

"तीनच झाली," त्या म्हणाल्या. "तुझी मोजणी चुकली."

नराच्या मालकिणीनं पहिलं आवडेल ते पिल्लू उचलायचं, अशी या धंद्यात रीत आहे. त्या म्हणाल्या, "मला काही नको, घरचंच तर आहे." जी बाई पार्सलचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवते ती एवढी उदार झालीच कशी, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मी स्वतःलाच शिव्या घालत बसले होते. गुंडी आठवडाभर पेटीतली चादर उकरून शोधत होती, तेही डोळ्यांनी बघितलं, तरी विश्वास नणंदबाईंवर.

मग घरात तो विनोदच होऊन बसला. चार कप चहा आणला की कुणीतरी म्हणणार, "नीट बघा हं, वहिनीला एक जास्त दिसतं." आमचे हेसुद्धा हसायचे. मी कामावर पेशंटच्या बरगड्या दोन-दोनदा मोजायला लागले. कधी तीनदा. बाहेर रांग कुरकुरायची आणि मी आपली बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून. नणंदबाईंच्या घरी जाणं तेव्हापासून सोडलं.

आता मात्र म्हटलं, नर तरी बघून येऊ.

सरदार थकला होता, दाराशी पडून होता. नवा नर आतून उड्या मारत आला. "छोटा सरदार," नणंदबाई म्हणाल्या. "माझ्या दुसऱ्या कुत्रीचा. तुझी गुंडी व्याली ना, त्याच आठवड्यात तीही व्याली होती."

देखणं बेटं! मी उचलून घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि शेपटीच्या टोकाशी बोटं थबकली. तिथे दोन मणके एकमेकांना चिकटलेले होते. वरून काही दिसत नाही, केसांत झाकून जातं. गुंडीला जन्मापासून अगदी तस्संच आहे. तिच्या तिघांपैकी दोघांना होतं.

"काय गं, आवडला ना?" नणंदबाईंनी विचारलं.

"खूप," मी म्हणाले. पोटच्या पोराला आईवर सोडायला निघाली होती ही बाई. आणि मला म्हणे मोजता येत नाही!

घरी येऊन कपाट उपसलं. साड्यांच्या खाली तो जुना फोटो सापडला. ह्यांना सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाऊ दे ना आता. तीन वर्षं झाली. बहीण आहे माझी."

"तीन वर्षं मला वेड्यात काढलं तुमच्या बहिणीनं. तुम्ही हसलात."

मी फोटो पिशवीत घातला.

मी नणंदबाईंना फोन केला. गोड आवाजात. "ताई, माझा होकार आहे. पण दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आधी दोघांची तपासणी करू. रविवारी छोट्याला घेऊन या ना." असा आवाज माझ्या घशात होता हे मलाही माहीत नव्हतं.

रविवारी ह्यांनाही सोबत नेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही शेपट्यांचे फोटो काढले आणि भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर शेजारी-शेजारी लावले. "अरेच्चा," त्या म्हणाल्या. "दोघांत तोच दोष, त्याच जागी. एकाच रक्ताचे दिसतात. लावू नका एकमेकांना."

नणंदबाई हसायला गेल्या. "असतं हो, जातीतच असतं."

मी पिशवीतून जुना फोटो काढला आणि तिसरा म्हणून लावला. "मोजा, ताई."

"हे काय आता?"

"गुंडीचं पोट. तीन वर्षांपूर्वीचं. कवट्या मोजा. मोठ्यानं."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे बुटांकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंना काही कळेना, पण त्या मध्ये पडल्या नाहीत.

"एक," नणंदबाई म्हणाल्या. "दोन. तीन." आणि थांबल्या.

"पुढे?"

त्यांनी चौथ्या कवटीवर बोट ठेवलं.

"चार," त्या म्हणाल्या.

खोटं नाही सांगत, तो शब्द ऐकून माझ्या काळजात थंडगार वाटलं. पुन्हा म्हणा, असं सांगावंसं वाटलं.

मग त्यांना रडू फुटलं. "अगदी सरदारसारखा होता गं. रंग, छाती, सगळं. दुसरीच्या पिल्लांत ठेवला, तिनं पाजला. तू काय, कुणाला तरी देऊन टाकला असतास. दिलीसच ना तिन्ही?"

दिली होती, म्हणून मला जास्तच राग आला.

"घेऊन जा त्याला," त्या म्हणाल्या. "तुझाच आहे."

छोटा टेबलावर थरथरत होता. मी हात पुढे केला तसं त्यानं नणंदबाईंच्या काखेत तोंड खुपसलं. गुंडीनं त्याला एकदा हुंगलं, गुरगुरली आणि माझ्या पायामागे आली. ज्याच्यासाठी चादर उकरली, ते पिल्लू तिला ओळखू आलं नाही.

"ठेवा तुमच्याकडेच," मी म्हणाले. "डॉक्टर, गुंडीची गर्भपिशवी काढून टाका. हिला पुन्हा पिल्लं नकोत."

नणंदबाई किंचाळल्याच. "अगं, असं नको करूस! असं रक्त कुठे मिळणार नाही. दुसरा नर बघू. पिल्लं सगळी तुझी, मी हात लावणार नाही."

"नाही."

"वहिनी, तुलाही हवं होतं ना एक?"

"हवं होतं," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात हा निर्णय तिच्या तब्येतीला चांगलाच. मी मान हलवली. पण खोटं कशाला बोलू, तब्येत माझ्या मनात दुसऱ्या नंबरावर होती.

ऑपरेशन झालं. ह्यांनी कपाटावरून जुनी पेटी काढली, चादर अंथरली आणि गुंडीला हळूच आत ठेवलं. तिचं पोट भादरलेलं, गुलाबी, टाके घातलेलं. ती चादरीवर तोंड टेकून निजली. हे बराच वेळ तिथेच उकिडवे बसले होते. मग म्हणाले, "चारच होती."

दुसऱ्या दिवशी कामावर पहिलाच पेशंट शिडीवरून पडलेला रंगारी होता. श्वास घेताना कण्हत होता. फोटो दिव्यावर लावला. उजवीकडे बारा, डावीकडे बारा, डावी सातवी मोडलेली. एकदाच मोजल्या. पाकिटावर लिहिलं आणि पुढच्याला आत बोलावलं.