बॅटरी न भरणारी मोटर

मित्रांनो, मी बोटीची एक जुनी मोटर आहे. अप्पर वर्धा धरणाच्या अथांग पाण्यावर आमच्या गावची मच्छीमार संस्था जाळी टाकते. बोटीच्या पाठीला बसून ती ढकलायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

माझ्या आत काय चालतं, याचं मला स्वतःलाच अजून नवल वाटतं. पेट्रोलच्या जोरावर माझ्या डोक्यात एक जड चाक फिरतं. त्याच्या आतल्या कडेला लोहचुंबक आहेत आणि मधोमध तांब्याच्या तारेची कॉइल स्थिर बसलेली. दोघांचा एकमेकांना कधी स्पर्श होत नाही, तरी चाक फिरलं की कॉइलमध्ये वीज येते! उलटसुलट धावणाऱ्या त्या विजेला एक डबी सरळ वाटेला लावते. तिला रेक्टिफायर म्हणतात. मग ती वीज बॅटरीत भरते आणि दुसऱ्या सकाळी त्याच बॅटरीवर बटण दाबताच मी जागी होते.

मला टिकाराम चालवतात. रोज फडक्यानं पुसणार, "चाल माय" म्हणणार आणि मगच बटण दाबणार.

पण मागच्या कार्तिकात बॅटरी उतरू लागली. एकदा ऐन पाण्यात जाळी टाकायला मला थांबवलं, आणि मग बटण दाबूनही मी जागी होईना. दोरी ओढून ओढून मला सुरू करताना टिकारामांचा खांदा सुजला. संस्थेनं नवी बॅटरी आणली, तर चार दिवसांत तिनंही मान टाकली. मग अध्यक्ष किसनरावांनी निकालच लावून टाकला.

"बुढी झाली मोटर. कॉइल जळली असन. देऊन टाका भंगारात!"

मी हादरले. टिकाराम मात्र खाली मान घालून गप्प होते. ते का गप्प होते, हे मला ठाऊक होतं. पण मला वाचा कुठली?

तरी त्यांना राहवेना. त्यांनी तळेगावहून जयवंताबाईंना आणलं. या बाई शेतातल्या पंपांचं वाइंडिंग, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचं काम, करतात. बोटीची मोटर त्या पहिल्यांदाच पाहत होत्या, पण त्यांनी जराही घाई केली नाही. आधी त्यांनी उतरलेली नवी बॅटरी चार्जरवर भरून घेतली आणि तिला मीटर लावलं. आकडा साडेबारा व्होल्ट. मग मला सुरू करायला लावलं.

"आता चौदापर्यंत चढाले पायजे," त्या म्हणाल्या.

आकडा जागचा हलेना. किसनराव हसले. "म्या सांगतलं नव्हतं?"

"थांबा जरा, भाऊ." त्यांनी कॉइलच्या तारा सोडवून मीटरला जोडल्या. माझा वेग वाढला तसा आकडा सरसर चढला. "कॉइल त मस्त हाये!"

मला बंद करून त्यांनी रेक्टिफायर तपासला. वीज एकीकडूनच जायला हवी, ती दोन्हीकडून जात होती. मित्रांनो, माझ्या अंगात कधी न शिरता या बाईनं माझं दुखणं बोटानं दाखवलं! मी थक्क झाले.

"डबी जळली. पण हे उगाच होत नाई. बॅटरीच्या तारा कोनं उलट्या लावल्या काय? कारन कळलं नाई त नवी डबीबी जळन."

"मग भंगारच बरं," किसनराव उठले.

टिकाराम पुढे आले. चूक कबूल केल्यावर बोटीवरून काढलं, तर त्यांची रोजी जाणार होती. तरी ते बोलले.

"मीच नेलती बॅटरी. डुकरं तूर खाऊन राह्यली होती, म्हणून वावराच्या कुंपनाले करंट देनाऱ्या झटका मशीनले लावली. सकाळी घाईत तारा उलट्या लागल्या. ठिणगी उडाली, तशा लगेच बदलल्या. मोटर सुरू झाली, म्हणून मले वाटलं काही नाई झालं."

उठलेले किसनराव परत खाली बसले. मग म्हणाले, "आधी काऊन नाई सांगतलं, टिकाराम? म्या त मोटर विकूनच टाकली असती. जा, बाईसंग जाऊन डबी घेऊन ये."

नवी डबी बसली. मला सुरू केलं आणि आकडा चौदावर जाऊन थांबला. टिकाराम रडत होते, आणि मला त्यांचा जराही राग नव्हता.

मित्रांनो, यंत्र हाताळताना चूक कुणाच्याही हातून होते. झाली तर लपवू नका, दुरुस्त करणाऱ्याला सगळं खरं सांगा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.