दसऱ्याच्या चटणीचा डबा

मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. माझी जन्मतारीख माझ्याच बुडावर छापलेली होती आणि एकदा तीच माझ्या जिवावर उठली. ती हकिगत सांगतो.

माझा जन्म दुधाच्या भुकटीसाठी झाला. एकोणीसशे शहात्तर साली माझ्यात भुकटी भरली, बुडावर महिना आणि साल उमटवलं आणि मला सोलापुरात सात रस्त्यावरच्या एका दुकानात मांडून ठेवलं. तिथून अक्कम्माने मला घरी नेलं. तिची लेक बाळंतपणाला आली होती आणि तान्ह्याला दूध पुरत नव्हतं. पोर बाळसं धरून आईबरोबर गेलं, भुकटी संपली आणि मी रिकामा झालो.

आता आपण भंगारात जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण अक्कम्माच्या घरात कशाला वाया जायची मुभा नव्हती. उरलेली भाकरी उन्हात वाळवून कडक व्हायची, नाहीतर कुस्करून फोडणीत पडायची. तिने मला राखेने घासलं, उन्हात वाळवलं आणि शेंगाचटणीचा डबा करून टाकलं. दुधाच्या डब्याला लसणाचा वास! आधी मी नाक मुरडलं, पुढे मात्र त्या वासाचाच मला गर्व वाटू लागला.

अक्कम्माला अक्षरओळख नव्हती. पण कुठला जिन्नस कधीचा, हे तिला कुणाला विचारावं लागत नसे. ज्या सणाला तो केला, त्या सणाची खूण ती झाकणाला दोऱ्याने बांधायची. पाडव्याला केलेल्याला कडुलिंबाची काडी, दसऱ्याच्या चटणीला आपट्याचं पान. जुनी खूण दिसली की तो डबा आधी संपवायचा. वा रे बाई! मी तर मनातल्या मनात तिला रोज हात जोडायचो.

दोन वर्षांनी तिच्या मुलाचं, शिवयोगीचं लग्न झालं आणि सुंदरम्मा सून म्हणून घरात आली. शिवयोगी श्रीपूरच्या साखर कारखान्यात हंगामाला जायचा. तिथे जेवणाला आधार कडक भाकरीचा आणि घरच्या चटणीचा. त्या वर्षी शेंगा महाग होत्या. अक्कम्मा अक्कलकोटच्या वाटेवरच्या रानात, काढणी झाल्यावर मातीत राहून गेलेल्या शेंगा वेचायला गेली. ऊन डोक्यावर घेऊन तिने असा सरवा गोळा केला आणि दसऱ्याला उखळात तेल सुटेस्तोवर चटणी कुटली. मी गळ्यापर्यंत भरलो; सुंदरम्मा तेव्हा माहेरी होती, तिने हे पाहिलं नाही. घरात दुसरा शेंगदाणा उरला नव्हता.

दिवाळी झाली, सुंदरम्मा माहेराहून परतली. शिवयोगी निघायच्या आदल्या दिवशी अक्कम्मा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली होती. सुंदरम्मा मला पुसायला बसली. सातवी शिकलेली, हाताने चटपटीत पोर. झाकणावरचं वाळकं पान तिला कचरा वाटलं. तिने दोरा तोडून ते फेकून दिलं. मग मला उचलून बूड पुसलं आणि तिथली तारीख वाचली. तिचा चेहराच उतरला. माहेरी तारीख उलटलेलं औषध पाजल्यामुळे तिचा भाऊ मरता मरता वाचला होता. तेव्हापासून उलटलेली तारीख दिसली की ती वस्तू ती फेकूनच द्यायची.

ती मला घेऊन थेट उकिरड्यावर गेली. झाकण उघडलं. लसणाचा, जिऱ्याचा ताजा वास आला तशी ती थबकली. तरी मनाचा हिय्या करून तिने मला तिरकं धरलं. अरे, मला तोंड असतं तर! तेवढ्यात मागे अक्कम्मा येऊन उभी राहिली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हलक्या आवाजात तिने एवढंच विचारलं, “माझ्या हातचं नको वाटलं व्हय गं?”

सुंदरम्माला रडू फुटलं. “न्हाय ओ आत्ती. डब्यावर तारीख हाय, दोन वर्सामागची. ह्यांच्या पोटाला कायतरी झालं म्हंजी?”

अक्कम्माने मला हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत सुनेपुढे धरलं. “मला वाचाय येत न्हाय. तारखेसंगट आनिक काय लिवलंय, ते बी वाच की.”

सुंदरम्माने डोळे पुसले. “दुधाची भुकटी... भरल्याचा महिना...” वाचता वाचता तिची जीभ अडखळली. “आत्ती, ही तर दुधाची तारीख हाय. चटणीची न्हाय.”

“दूध तर कवाच संपलं,” अक्कम्मा म्हणाली. “चटणीची खूण झाकणावर बांदली हुती. आपट्याचं पान.”

सुंदरम्मा धावत जाऊन ते पान शोधून घेऊन आली. माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतःच भांडं, तरीही पडला.

त्या दिवशी दोघींनी मिळून नवी रीत पाडली. झाकणावर सणाची खूण राहिली आणि तिच्या शेजारी सुंदरम्माच्या अक्षरातली कागदाची चिठ्ठी चिकटली. सुनेने विटकरीच्या पुडीने माझी जन्मतारीख घासून काढली; मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग तिने फडताळातली खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. तिच्यावरची तारीख मात्र खरोखर त्या औषधाचीच होती आणि उलटून गेली होती. अक्कम्माला ती टाकवत नव्हती, पण सुनेचा भाऊ आठवून तिने स्वतःच्या हाताने औषध ओतून दिलं. टाकायला शिकलेली अक्कम्मा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला ती आणखीच मोठी वाटली.

संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी शिवयोगी घरी आला. मी त्याच्या पिशवीत होतो, भाकरीच्या तुकड्याने आतून पुसून खाल्लेला. अक्कम्माने माझ्यात डोकावून पाहिलं आणि मला सुनेच्या हातात दिलं. म्हणाली, “आता तू कुट.”

मित्रांनो, आज माझ्या कडा गंजल्या आहेत. तुमच्या घरात माझ्यासारखे पुष्कळ डबे असतील. एखादा फेकायला उचललात, तर ती तारीख कशाची आहे, तेवढं आधी वाचा. कुणीतरी त्यातल्या शेंगा उन्हात वाकून वेचलेल्या असतात. त्या संक्रांतीला सुंदरम्माने पहिल्यांदा चटणी कुटली, मला भरलं आणि झाकणाला हरभऱ्याचा हिरवा डहाळा बांधला. गाठ नीट बसेना, तेव्हा अक्कम्माने दोऱ्यावर बोट धरलं.