बाकावरचे पाच रविवार

भेस्तानच्या मैदानावर दर रविवारी सकाळी मुलींची बेसबॉलची टीम खेळते. वाल्मिक तिचे प्रशिक्षक. आठवडाभर पलसाण्याच्या मिलमध्ये राबून रविवारी हौसेने शिकवायचे. टीममध्ये मुली बारा, मैदानात उतरणार नऊ. "प्रत्येकीला दर मॅचला सातपैकी निदान दोन इनिंग मिळतील," असा शब्द त्यांनीच दिला होता. पण टीम जिंकू लागली आणि शब्द मागे पडला. त्यांची मुलगी गायत्री मात्र एकदाही बाकावर बसली नाही.

"कोण किती खेळली ते बघत जा," स्कोअर लिहिणारे म्हातारे निंबाआप्पा म्हणायचे.

"सगळं लक्षात असतं माझ्या, आप्पा!"

पाचव्या रविवारी मॅच संपल्यावर चंचलची आई, पुष्पाबाई, मलमाची डबी घेऊन आली. "सर, चंचलना पाय भलता दुखस. म्हणीसन तुम्ही बाकवर बसाडतस ना तिले? डॉक्टरले दखाडू का?"

वाल्मिकने चंचलकडे पाहिलं. पाय धडधाकट होता. आपल्याला कुणी खेळवत नाही, हे पोरीच्याने आईला सांगवलं नव्हतं, म्हणून तिने पायाचं कारण पुढे केलं होतं! तिने मान खाली घातली.

"हो... दाखवून घ्या एकदा," वाल्मिक म्हणाले. मायलेकी निघाल्या.

"लेकरू लाजेपायी खोटं बोललं. तू कशापायी बोललास?" आप्पांनी विचारलं.

"जिंकायचं होतं, आप्पा."

"अरे, तिच्या वाट्याला काय आलं त्या जिंकण्यातलं? बाक!" आप्पांनी वही उघडून पुढे सरकवली. पाच मॅच. गायत्रीचं नाव प्रत्येक पानावर. चंचलचं एकाही पानावर नाही.

वाल्मिकचे कान तापले. वही तिथेच टाकून ते धावले. मायलेकी रिक्षात बसत होत्या, तेवढ्यात त्यांनी त्यांना गाठलं.

"पुष्पाताई, हिच्या पायाला काही झालेलं नाही. मीच हिला खेळवलं नाही. आणि आत्ता तुमच्याशी खोटंही बोललो."

पुष्पाबाई रागावली नाही. तिने फक्त लेकीला जवळ ओढलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वाल्मिकला वाटलं.

पुढच्या रविवारी सुरुवातीच्या दोन इनिंग गायत्री बाकावर होती. चंचल खेळली. तिच्या हातून एक सोपा कॅच सुटला आणि टीम एका रनने हरली. मॅचनंतर वाल्मिकने आप्पांच्या वहीतून प्रत्येकीच्या आजवरच्या इनिंग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या. चंचलचं नाव घेताना त्यांची मान आपोआप खाली गेली.

मित्रहो, मुलांना संधी देताना आपल्या आठवणीवर विसंबू नका. ती आपल्याच लेकरांच्या बाजूने झुकते. लिहून ठेवा, सर्वांना दाखवा. आपण मोजलं नाही, तरी बाकावरचं मूल मोजतच असतं!