पाठीवर उंबरखिंड

मी प्लायवुडचा एक तुकडा बोलतोय. पाठीवर अख्खी उंबरखिंड आहे, म्हणून जरा दमून बोलतोय.

मुळात मी कुठल्याशा मशिनच्या खोक्याचा तळ. मुलुंडच्या चाळीतल्या नंदकुमारनं मला घासून गुळगुळीत केलं. नंदूनं कॉलेज सोडलेलं. रद्दीतल्या एका विलायती मासिकात त्यानं पाहिलं, की पेरभर उंचीचे सैनिक मांडून, फासे टाकून जुन्या लढाया खेळतात. पोरगं खुळावलं. शिसं वितळवून सैनिक ओतू लागलं.

पण त्याचा खरा जीव लढाई झाली त्या जमिनीत. मावळ्यांनी मोगलांना कोंडलं ती उंबरखिंडीची लढाई माघात झाली, म्हणून तो माघातच खोपोलीपलीकडच्या त्या खिंडीत जाऊन आला. पिशवीतून तिथली माती, खडे, वाळकं गवत आणलं. ते सगळं माझ्यावर बसवलं, वर सैनिक चिकटवले. पिवळट, करडं, तहानलेलं.

वडीलधाऱ्यांना बघवेना. "दारात टक्कल काय मांडलंस रे?" शेजारचे गुणाजीकाका येता-जाता म्हणायचे. यांच्या लेखी दिवाळीत दारात डोंगर म्हणजे किल्ला, आणि किल्ला म्हणजे वर अळीव पेरून हिरवागार. खरी खिंड एकानंही बघितलेली नाही. मत मात्र प्रत्येकाकडे.

चारकोपला धोंडिराम नावाचा माणूस प्रदर्शनांचे देखावे बनवायचा. दिवाळीच्या तोंडावर त्यानं नंदूला वर्कशॉपात राबवून घेतलं. "हात बरा आहे. भाऊबीजेला घरी येऊन तुझं काम बघतो. आवडलं तर कायमचा ये." नंदूला चाळीतून सुटायची तेवढी एकच वाट होती. त्या दिवसांत तो तिकडेच झोपायचा.

इकडे त्याचे वडील दशरथ, गिरणी गेल्यापासून घरी बसलेले. त्यांनी माझ्यावर अळीव पेरलं. रोज सकाळी पेल्यातलं पाणी बोटांनी शिंपडायचे. हळूच, जपून. माझे थर फुगत होते आणि त्यांच्या तोंडावर किती महिन्यांनी समाधान. ओरडायला मला तोंड कुठाय?

भाऊबीजेला नंदू धोंडिरामला घेऊनच घरी आला. अळीव सैनिकांच्या डोक्यावरून गेलेलं. तो वाकून बघत राहिला.

"लढाई कुठाय रे? ही तर कोशिंबीर."

नंदू पांढराफटक. "बाबा, काय केलंत हे? माघ होता ना तो!"

"झिला, माणूस बघूक येतलो नि डोंगर बोडको? माघ तुज्या कागदात. हय दिवाळी आसा."

धोंडिराम चहा पिऊन "बघू" म्हणाला आणि गेला. असल्या "बघू"चा अर्थ चाळीत सगळ्यांना कळतो. गुणाजीकाका चकली मोडत म्हणाले, "पण हिरवं झकास दिसतंय हां."

नंदूनं मला उचलून माळ्यावर भिरकावलं. आता तो एका गोदामात खोकी उचलतो. बापाशी बोलत नाही. बाप खाली बसून माळ्याकडे बघतो, पण हात वर करत नाही.

इथं पाणी कोण घालणार? अळीव वाळलं, पिवळं पडून आडवं झालं. सैनिक पुन्हा दिसायला लागले. माती भेगाळली. नंदू, आत्ता मी अगदी तुझ्या खिंडीसारखा दिसतोय रे. माझे थर सुटलेत, फार दिवस धरवणार नाही. एकदा स्टूल लाव. आधी त्या म्हाताऱ्याला चढव. त्यानं अजून माघ बघितलेला नाही.